नवव्या मार्गाचे शेवटचे दोन किलोमीटर

पर्यटन कार्यालयातल्या एकुलत्या एक नकाशेवाल्यांनी सत्तावीस वर्षांत डोंगरातली एकूण एक वाट कागदावर चढून पाहिली होती. त्यांच्या पेन्सिलीला कधी दम लागला नाही. टेबलापाशी बसल्या बसल्या ते सकाळी दोन शिखरं उरकत, मग चहा घेत आणि जेवणाच्या सुट्टीआधी सुखरूप दरीत उतरत. पण यंदा कार्यालयाने सायकलस्वारांसाठी पुस्तिका काढायचं ठरवलं. जंगलातून जाणारे नऊ डांबरी मार्ग, प्रत्येकाचा नकाशा, प्रत्येकाचा चढ. आणि साहेबांनी नियम केला.

नियम असा, की मार्ग पुस्तिकेत घ्यायचा तर कार्यालयातल्या कोणीतरी तो स्वतः सायकलवरून पार केला पाहिजे. वाटेत थांबा, पाणी प्या, हवं तर झाडाखाली बसून रडा. पण सायकल हाताने ढकलायची नाही. ढकलली की मार्ग बाद. साहेबांना स्वतःला सायकल येत नसल्यामुळे नियमात कुठलीही पळवाट राहिली नव्हती.

आठ मार्ग तरुण मंडळींनी आपसांत वाटून घेतले. त्यातला नदीकाठचा तर इतका सपाट होता, की त्याच्यावर चौघांनी हक्क सांगितला. आरागिरणीपासून खिंडीपर्यंतचा चौदा किलोमीटरचा नववा मार्ग नकाशेवाल्यांच्या नावावर पडला. वाटणीच्या दिवशी ते दात काढायला गेले होते.

बाद झाला तर झाला, असं म्हणायची सोय नव्हती. पुस्तिकेत नसलेल्या रस्त्याची डागडुजी बंद होणार होती. शेवटच्या घरापाशी फाटक बसणार आणि वरचा रस्ता, खिंडीसकट, जंगलाला परत. त्याच रस्त्यावर नकाशेवाल्यांच्या सासूबाईंनी एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. त्या यावर काही बोलल्या नव्हत्या. फक्त गेले आठ दिवस जेवताना जावयाला दुसऱ्यांदा वाढत नव्हत्या.

मंगळवारी नकाशेवाले एकटेच गेले. कार्यालयाची सायकल तीन वर्षांपूर्वी घेतलेली. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. पहिले पाच किलोमीटर ते वाऱ्यासारखे गेले आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या पाचांत खुशी ओसरली. बाराव्या किलोमीटरनंतर, जिथे त्यांनी स्वतःच्या हाताने उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटतील इतक्या जवळ काढल्या होत्या, तिथे त्या रेषांनी सूड घेतला. ते उतरले. ढकलत ढकलत वर गेले आणि खिंडीत कोणी पाहिलं तर नाही ना, हे पाहून परत आले.

संध्याकाळी घरी आले तर सासूबाई मोरीत बादलीवर वाकून ट्यूबमधले बुडबुडे शोधत होत्या.

"काय जावईबापू, झाली का खिंड?"

"नाही आई. शेवटच्या दोन किलोमीटरांनी घात केला."

सासूबाईंनी मान वर केली. "शेवटचे दोन? अहो, तेच तर सगळ्यात सोपे."

"सोपे? आई, तिथे तेरा टक्के चढ आहे. मी मोजलाय."

"मोजला असेल. मी चढलेय. खालचे चार किलोमीटर जीव काढतात, मधला भाग ठीक, आणि शेवटच्या घरापासून पुढे, खिंडीत डबा खायला जाताना, तर सायकल आपोआप चालते. एकतीस वर्षं बघतेय, वर जावं तसा तो रस्ता सपाट होत जातो."

नकाशेवाल्यांनी नकाशा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि रेषा दाखवल्या. सासूबाईंनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. "अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "थांबा, थांबा. रिकामे गेला होतात का?"

"म्हणजे?"

"पिशवी नव्हती?"

"कसली पिशवी? एक पाण्याची बाटली होती."

"मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. पंक्चर कुठे आहे हे कळल्यावर जसं समाधान दिसतं तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "मोकळं गेलं की दमायला होणारच. परवा मी येते तुमच्याबरोबर. तुम्ही माझ्या पिशवीइतकं ओझं घ्या, अठरा किलो."

आतून बायको म्हणाली, "आई, त्यांना काही झालं तर दुसरा नवरा शोधायला मला या महिन्यात वेळ नाही."

"काही होत नाही. झालं तर ओझं कमी करू."

आता अठरा किलो आणायचे कुठून? तो प्रश्न कार्यालयाच्या गोदामाने सोडवला. पाच वर्षांपूर्वी कार्यालयाने ‘आपल्या जंगलातील शेवाळ’ असा ग्रंथ काढला होता. चारशे प्रतींपैकी एक साहेबांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली कामाला लागली होती, बाकीच्या गोदामात स्वतःवरच शेवाळ धरत होत्या. नकाशेवाल्यांनी तेहेतीस प्रती मागितल्या. गोदामवाल्याने त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. या पुस्तकासाठी माणूस दारात उभा आहे, हे त्याच्या नोकरीत प्रथमच घडत होतं.

गुरुवारी सकाळी आरागिरणीपाशी सासूबाईंनी टपालाची जुनी कातडी पिशवी जावयाच्या सायकलवर बांधली. पट्टा ओढताना त्यांनी गुडघा लावला. "घरं अकरा. प्रत्येक पेटीत तीन. एक वाचायला, एक हरवायला, एक पाहुण्यांच्या गळ्यात मारायला. पेटीपाशी थांबायचं, टाकायचं, निघायचं."

आणि त्या निघाल्या. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, आणि या रस्त्यावर पहिल्यांदाच पिशवीशिवाय. वय अडुसष्ट, सायकल लोखंडाची, गिअर तीन, त्यातला एक रुसलेला. तरी वळणावर त्या अशा झुकल्या, की नकाशेवाल्यांना आपण सत्तावीस वर्षं काढलेली वळणं पहिल्यांदा समजली. आतल्या बाजूला चढ उभा असतो, बाहेरच्या बाजूला मवाळ. सासूबाई प्रत्येक वळण बाहेरून घेत होत्या आणि घेताना बोलतही होत्या.

"इथे पाइनची सावली अकरापर्यंत टिकते… इथे ओली पानं असतात, ब्रेक नाही दाबायचा… हा झरा चांगला, पुढचा नुसता दिखाऊ!"

मागून नकाशेवाले येत होते. अठरा किलोंनी त्यांना वाऱ्यासारखं जाऊच दिलं नाही. पहिल्या मिनिटापासून ते सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हशीच्या चालीने. मंगळवारी जो रस्ता त्यांच्या बाजूने सुटत गेला होता, तो आज नेच्यांसकट, दगडांवरच्या हिरव्या गादीसकट, एकेक झाड करत भेटत होता. पाचशे मीटर झाले की त्यांना वाटे, आता मेलो. मग पेटी येई.

पहिल्या पेटीपाशी त्यांनी तीन पुस्तकं टाकली आणि सायकल हाताखाली जराशी हलली. तिसऱ्या घरच्या बाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "टपालताई, परत नोकरीवर?"

"नाही हो, जावयाला शिकवतेय."

"जमतंय का?"

"हळूहळू."

सहाव्या घरचा सुतार पुस्तक उघडून दारातच वाचत उभा राहिला. परतताना तो त्याच पानावर सापडेल की काय, अशी नकाशेवाल्यांना भीती वाटली. कार्यालयाचं प्रकाशन वाचकाच्या हातात गेल्याचं ते प्रथमच पाहत होते, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना गहिवरून आलं.

नवव्या पेटीनंतर एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. नकाशेवाल्यांना नकाशा पाठ होता. चढ वाढत होता यात शंका नव्हती. पण पेटीगणिक पिशवी उतरत होती आणि पाय म्हणत होते, अरे, हे तर बरं आहे. अकराव्या घरी शेवटची तीन पुस्तकं गेली. रिकामी पिशवी कॅरिअरवर फडफडली. फाटक जिथे बसायचं होतं तिथे कोणीतरी आधीच दोन खड्डे खणून ठेवले होते. नकाशेवाल्यांनी पॅडल मारलं, आणि सायकल पुढे गेली. आपोआप नव्हे, पण गेली. तेरा टक्क्यांवर गेली.

पहिल्या वळणावर, बाहेरच्या बाजूने, त्यांना सासूबाई दिसल्या. त्या रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभ्या होत्या आणि धापा टाकत वर पाहत होत्या.

"आई! काय झालं?"

"थांबू नका हो! जा तुम्ही, जा!" त्या ओरडल्या. "मला काही झालं नाही. रस्त्याला काहीतरी झालंय!"

नकाशेवाले थांबले नाहीत. थांबले असते तर परत निघता आलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी दात आवळले, म्हणजे जे उरले होते ते आवळले. तीन वळणं, दोन, मग एक. झाडं मागे सरली आणि खिंडीतला वारा तोंडावर आला. पलीकडचं सगळं खोरं खाली पसरलेलं होतं: रांगेमागे रांग, हिरव्यावर निळं, निळ्यावर धुरकट. त्यांनी या खोऱ्याच्या सोळा आवृत्त्या काढल्या होत्या. एकीतही ते इतकं चांगलं जमलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी सासूबाई आल्या, सायकल ढकलत.

"ढकललीत?" नकाशेवाल्यांनी विचारलं.

"मी कुठे तुमच्या कार्यालयात आहे?" त्या दगडावर बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं. मग ज्या रस्त्याने आल्या त्याच्याकडे वळून, एखाद्या जुन्या मैत्रिणीने वय चोरल्याचं कळावं तसं पाहत राहिल्या. "काय उभा आहे हो हा! एकतीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर?"

"तर दुसऱ्याच महिन्यात बदली मागितली असती."

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की नकाशेवाल्यांना पाण्याची बाटली पुढे करावी लागली. त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. देव सोडून कुणापुढे त्यांनी असं दोन्ही हातांनी काही धरलं नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी साहेबांपुढे अर्ज ठेवला. मार्ग क्रमांक नऊ, पूर्ण, सायकल ढकलली नाही, सही. साहेबांनी चढाचा रकाना पाहिला आणि भुवया वर केल्या.

"तेरा टक्के? आणि लोक जातील यावरून?"

"एक बाई रोज जायच्या, साहेब."

"कोण?"

"माझ्या सासूबाई," नकाशेवाले म्हणाले. आणि हे दोन शब्द माणसं साधारणपणे ज्या सुरात उच्चारतात, तो सूर त्यात अजिबात नव्हता. साहेबांनी चमकून वर पाहिलं आणि शिक्का मारला.