तिसऱ्या जोडीची बारीक तार

माझ्या सवतीला बारा तारा आहेत, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. युफेमिओ बोटीवर इंजिनात कामाला होता. सुट्टीवर आले की शेजारणींचे नवरे अत्तरं आणायचे, माझा नवरा गिटारींची वर्णनं आणायचा. जपानच्या कुठल्या बंदरात काचेमागे बारा तारांची कोणती गिटार होती, अमेरिकेतल्या कुठल्या दुकानदाराने ती हातात घेऊ दिली, रोझवूडच्या पाठीची कशी घुमते आणि महोगनीची कशी मोकळी बोलते. मी मासे साफ करता करता "हो का, हो का" म्हणायची. विकत त्याने कधीच घेतली नाही. आधी मुलींची शिक्षणं होती, मग घराचं छप्पर, मग वादळानंतर पुन्हा तेच छप्पर.

आता तो निवृत्त होऊन घरी बसला होता आणि हाती थोडा पैसा होता. पण एवढी वर्षं इंजिनाच्या धडधडीत काढून त्याचे कान गेले होते. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची, हा तिच्या शेजारी बसून मासिक वाचायचा. कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की उखडायचा. "माझे कान ठणठणीत आहेत. तूच पुटपुटतेस," हे त्याचं ठरलेलं उत्तर. वर्षभर मी ओरडून बोलत होते आणि तरी पुटपुटत होते.

त्यात आबुनो गावच्या गिटारी बनवणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे नोंग कोपिओ म्हणजे कोपिओदादा म्हणतात, एक बारा तारांची गिटार पुरी केल्याची बातमी आली. म्हातारा दोन-चार वर्षांत अशी एखादीच करतो, आणि तीही वाटेल त्याला देत नाही. मागे एका श्रीमंताने त्याची गिटार हौसेने चढवून चढवून इतकी ताणली की तारांखालची घोडी उखडली आणि वरची फळी चिरली. नाव मात्र म्हाताऱ्याचं खराब झालं. तेव्हापासून त्याचा नियम असा, की सगळ्या तारा सैल करून गिटार गिऱ्हाइकाच्या मांडीवर द्यायची आणि गिऱ्हाइकाने त्याच्यासमोर बाराही तारा नुसत्या कानाने सुरात आणायच्या. त्याही नेहमीपेक्षा एक स्वर खाली, म्हणजे गिटारीच्या मानेवर ताण येत नाही. सूर दाखवणारं यंत्र चालत नाही. ज्याला जमत नाही त्याला कॉफी मिळते आणि परतीची वाट.

युफेमिओला हे सगळं माहीत होतं. तरी त्याने नंबर लावला. ठरल्या दिवशी सकाळी भाड्याच्या जीपनीत बसल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मिला, पंखा घेतलास का?"

"माझा हातपंखा माझ्याजवळच असतो. का?"

"तिथे उकडेल. माझ्या समोर बस आणि वारा घेत राहा." माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, "तार सुरात आली की पंखा थांबव."

मी रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाते, मला सूर कळतो, हे त्याला ठाऊक होतं. वर्षभर ज्या गोष्टीवरून आम्ही भांडलो ती त्याने एका वाक्यात कबूल केली, तीही पंख्याच्या आडून. मला राग आला, आणि दयाही आली. मी फक्त मान हलवली.

नोंग कोपिओच्या कारखान्यात भुशाचा आणि सरसाचा वास होता. भिंतीवर बारा तारांच्या तीन गिटारी टांगल्या होत्या. दोन परदेशी, दुरुस्तीला आलेल्या. एकीची पाठ लाल, दुसरीची काळपट. तिसरी त्याची स्वतःची, फणसाच्या लाकडाच्या पाठीची, हळदीसारखी पिवळी.

"आधी तिघी वाजवून बघ, दोंग," म्हातारा म्हणाला; निवृत्त झालेला माझा नवराही त्याला 'दोंग', म्हणजे पोरच. "नंतर म्हणशील, बघायला मिळालं नाही."

युफेमिओने एकेक उतरवून वाजवली. बोटं अजून चांगली चालतात त्याची. वाजवता वाजवता तो बोलत होता, आणि मी तीस वर्षं ऐकलेलीच वाक्यं ऐकत होते. लाल ती महोगनीची, मोकळी बोलते. काळपट ती रोझवूडची, तिच्यात झणकार सगळ्यांत जास्त. मी चमकले. काळपट गिटारीच्या तारा जुन्या, गंजलेल्या होत्या; तिच्यात झणकार नावालाही नव्हता. हा माणूस ऐकत नव्हता, आठवत होता. म्हाताऱ्याने कॉफीच्या कपात बघितलं.

"बरं, माझी घे," तो म्हणाला. "पण जरा भरभर हात चालव. मनिलाचे एक फादर विमानाने येतायत. त्यांनाही हीच हवीय. तुझा नंबर आधी, म्हणून तुला आधी बसवला."

त्याने पिवळ्या गिटारीच्या तारा सैल केल्या आणि ती युफेमिओच्या मांडीवर ठेवली. आपल्या जुन्या गिटारीवर एकच सूर वाजवून दाखवला. बाकीचे ज्याचे त्याने शोधायचे.

मी समोरच्या बाकावर बसले आणि पंखा हलवू लागले.

जाड तारा त्याने जबडा गिटारीच्या कडेला टेकवून लावल्या. त्या हाडातून जाणवत असाव्यात, कारण माझ्या पंख्याकडे त्याने बघितलंही नाही. पण बारा तारांच्या सहा जोड्या असतात, जाड तारेची जोडीदारीण बारीक असते, आणि तिच्याशी गाठ पडली की त्याचे डोळे वर यायचे. खुंटी हळूहळू फिरायची, सूर चढायचा, जागेवर यायचा. मी पंखा थांबवायची. त्याचा हात थांबायचा. मी पुन्हा वारा घेऊ लागायची. माझ्या पाठीवर घाम उतरला होता आणि तो उकाड्याचा नव्हता. एकदा मला क्षणभर उशीर झाला, तर तार जरा चढीच राहिली. म्हाताऱ्याची भुवई हलली. मी पुन्हा थांबले, युफेमिओने उतरवली, जमलं.

एकेक करून पाच जोड्या झाल्या. तिसरी जोडी त्याने शेवटी ठेवली होती. तिची बारीक तार सगळ्या गिटारीत बारीक आणि सगळ्यांत उंच सुराची, तुटायची झाली तर हीच तुटते. जाड त्याने लावली. बारीक तारेच्या खुंटीला हात घातला, आणि तेवढ्यात बाकावरचा म्हाताऱ्याचा फोन वाजला.

फोन युफेमिओच्या कोपराशी होता. किरकिऱ्या आवाजात तो वाजत राहिला. युफेमिओ खुंटीकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही, की कपाळाला आठी घातली नाही. नोंग कोपिओने फोनकडे पाहिलं, मग युफेमिओकडे, मग माझ्याकडे. माझा पंखा हातातच थबकला, आणि ते बघून बिचारा युफेमिओही थबकला. तार अजून सैलच होती.

म्हाताऱ्याने फोन उचलला, "या, या" म्हणाला आणि ठेवला. "फादर उतरले. येतीलच इतक्यात." मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. "इंदाय, पोरी, भारी उकडतंय गं. दे जरा तो पंखा."

नाही कसं म्हणणार? मी दिला. तो आरामात वारा घेऊ लागला.

युफेमिओने वर पाहिलं. पंखा म्हाताऱ्याच्या हातात होता. त्याचा चेहरा उतरला, पण सोडून देणाऱ्यातला तो नाही. त्याने खुंटी फिरवायला सुरुवात केली. सूर चढत गेला. मी दोन्ही हात मांडीत दाबून बसले. सूर जागेवर आला, अगदी नेमका. थांब, मी मनात म्हणाले. म्हातारा वारा घेत होता. युफेमिओची नजर त्या पंख्यावर खिळली होती, जसं काही तो आताच थांबेल. पंखा थांबला नाही. सूर पुढे गेला.

तुटली तर तार तुटेल, नवी घालता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तो म्हाताऱ्यासमोर उघडा पडेल, त्याचं काय? आणि मी बोलले तरी उघडाच पडणार होता. सूर आणखी चढला. तार आता किंचाळत होती आणि घोडीपाशी लाकूड बारीकसं कुरकुरलं.

"युफेमिओ, थांब," मी म्हणाले. "पुढे गेलास."

त्याने ऐकलं नाही. अर्थातच ऐकलं नाही. तो पंख्याकडे बघत खुंटी पिळत होता.

मी उठले आणि खुंटीवरच्या त्याच्या हातावर माझा हात ठेवला. तो दचकला. त्याची बोटं माझ्या बोटांखाली होती. मी ती उलटी फिरवली, सावकाश, सूर खाली येऊन जागेवर बसेपर्यंत. मग हात काढला. 

"किती पुढे गेलो होतो?" युफेमिओने विचारलं.

"तुटायला आली होती."

"मला नुसतं टिक टिक ऐकू येतं, मिला. सूर नाहीच येत." त्याने ती तार बोटाने छेडून बघितली. "बारीक तार एकही नाही येत."

म्हाताऱ्याने पंखा मिटला. "फोन वाजला तेव्हाच कळलं मला. पंखा मुद्दाम मागितला. मीही तो थांबवला असता तर तू थांबला असतास. पण घरी तुझ्यासमोर पंखा घेऊन कोण बसणार? ही गिटार मी तुला देणार नाही, दोंग. तू प्रेमाने ताणशील आणि फाडशील."

युफेमिओने मान डोलावली. वाद घातला नाही. उभ्या आयुष्यात मी त्याला इतकं निमूट पाहिलं नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

"तुला हवी का, इंदाय?" म्हातारा म्हणाला.

"मला? मला वाजवता येत नाही."

"वाजवायला हा आहे. मला कान हवेत. रोज सूर लावशील तर घेऊन जा."

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं हा समुद्रावर, घर मी एकटीने चालवलं, वादळात छप्पर मी धरून बसले, आणि आता म्हातारपणी सवतीची वेणीफणीही मीच करायची? बाहेर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला आणि फाटकाची घंटा किणकिणली. युफेमिओला ती ऐकू आली नाही. तो पिवळ्या गिटारीकडे बघत होता, जपानच्या काचेबाहेर उभा राहून बघत असेल तसाच.

मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे त्याला माझे ओठ दिसतील. "सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे येणार असशील तर हो म्हणते. नाहीतर फादर दारात उभे आहेत."

"यंत्र घातलं की झणकार येईल?"

"मला माहीत नाही." खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण सांगितलं नाही.

घंटा पुन्हा वाजली. नोंग कोपिओ उठला आणि दाराकडे जाता जाता थांबला, माझ्याकडे बघत.

"येतो," युफेमिओ म्हणाला.

"मग घेते," मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो फादरची समजूत काढायला बाहेर गेला.

आम्ही दोघंच उरलो. युफेमिओने बाराही तारांवरून एकदा हात फिरवला आणि जबडा गिटारीच्या कडेला टेकवला.  मग म्हणाला, "तिघींत फरक काय आहे ते सांग ना. खरं सांग."

"लाल ती बरी आहे, पण घशातून बोलते. काळपट आहे तिच्या तारा गंजल्यात, उगाच कौतुक केलंस तिचं."

"आणि ही?"

मला त्याच्यासारखे शब्द येत नाहीत. मी विचार केला. "चर्चमध्ये बाया गातात ना, आणि त्यांच्या कडेवरची पोरं तेच गाणं त्यांच्यामागून बारीक आवाजात गातात? हिच्यात ती पोरं ऐकू येतात. सगळी."

त्याने डोळे पुसले आणि पुन्हा माझ्या ओठांकडे बघितलं.

"आणखी सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग." पुटपुटतेस असं मात्र म्हणाला नाही.