शिपायाचा हात

मी एक जुना शिपाई आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. मला खाकी कपडे नाहीत, टोपी नाही. माझ्यासारखे पाच हजार जण टाचणीच्या टोकावर बसले तरी पत्ते कुटायला जागा उरेल. मित्रांनो, इस्पितळाची प्रयोगशाळा बघायला आलेल्या शाळेच्या रांगेतून एकेक जण पुढे येऊन ज्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता आहात, त्याच्या काचपट्टीवरचा तपकिरी ठिपका म्हणजे आमची अख्खी पलटण.

दाराजवळच्या बाकावर एक बाई मांडीवर बंद लिफाफा घेऊन बसल्या आहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्या रिपोर्ट न्यायला आल्या आहेत, गोष्ट ऐकायला नाही.

माझा जन्म एका बॉयलरवाल्याच्या पोटात झाला. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. तिथल्या एका पेशीत मला कामाला लावलं. डॉक्टर मला रिसेप्टर म्हणतात. ज्याला जे परवडेल ते त्याने म्हणावं. माझं काम एकच. रक्तातून पुरुषी हार्मोनची चिठ्ठी येई. ती मी हातात घ्यायची आणि आतल्या खोलीत साहेबांकडे पोचवायची. चिठ्ठीत एकच शब्द असे: ‘वाढा’.

चिठ्ठी आली की मी निघालोच. ऊन नाही, पाऊस नाही, रजा नाही. बॉयलरवाल्याच्या भरघोस मिशा होत्या, त्या माझ्यामुळेच. मिशांचे शिपाई वेगळे असतात असं कोणी म्हणेल, म्हणू द्या. कौतुक कोणी केलं नाही तर माणसाने स्वतःच करून घ्यावं.

कपडे रंगवायच्या कारखान्यात तो चाळीस वर्षं बॉयलरपाशी उभा राहिला. नजर कायम दाबाच्या काट्यावर. काटा चढला की झडप सैल, उतरला की कोळसा. आणि काटा शून्यावर बसला की हात पुसून घरी. काट्यावर त्याचा जेवढा विश्वास, तेवढा बायकोच्या शब्दावरही नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तो निवृत्त झाला आणि आमच्या पेशीचं डोकं फिरलं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पाठीच्या मणक्यापर्यंत बिऱ्हाडं गेली, तेव्हा कुठे दुखायला लागलं. डॉक्टरबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे माझं चित्र काढलं. बरं नव्हतं, मी एवढा बुटका नाही.

‘हा शिपाई,’ त्या म्हणाल्या. ‘हा चिठ्ठ्या आत नेतो म्हणून गाठ वाढते. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे चिठ्ठ्या लिहिणंच थांबेल. शिवाय रोज गोळ्या. गोळी शिपायाच्या हातात कोरा कागद कोंबून ठेवते. चुकूनमाकून चिठ्ठी आलीच, तरी धरायला हात मोकळा नाही.’

‘त्याला कामावरूनच काढता येत नाही का?’ बॉयलरवाल्याने विचारलं.

‘कायम नोकरीतला आहे.’

तो हसला. त्याची बायको हसली नाही. ती सगळं वहीत उतरवून घेत होती.

दोन वर्षं मी हातात कोरा कागद घेऊन उभा राहिलो, मित्रांनो. याला जगणं म्हणतात का? आणि तिकडे त्याचंही फार बरं चाललं होतं असं नाही. बॉयलरच्या तोंडाशी ज्याने कधी वरचं बटण काढलं नव्हतं, त्याला गार स्वयंपाकघरात बसल्या जागी घामाच्या धारा लागत. छाती मऊ झाली, दंड उतरले. कारखान्यातला जुना सोबती भेटायला आला, तो त्याला पाहून म्हणाला, ‘मिस्त्री, बॉयलर पोटातच बसवलात की काय?’

‘पेन्शनमध्ये मिळाला,’ तो म्हणाला, आणि आत जाऊन शर्ट बदलून आला. तिसरा शर्ट होता तो त्या दिवसातला.

मात्र गाठीचा जोर सांगणारा रक्तातला आकडा उतरत गेला. ऐंशीचा बारा, बाराचा एक, आणि एका तपासणीत शून्य. त्याने रिपोर्टवरच्या शून्यावर बोट ठेवलं आणि जन्मभर जे केलं तेच केलं. हात पुसले. बायको गोळी काढून देई; तो ती गालात धरी आणि मागच्या खोलीत जाऊन वायसरच्या डब्यात टाकी.

तीन महिन्यांनी तिला नळासाठी वायसर हवा होता.

‘अहो, हे काय?’

‘काटा शून्यावर आहे, अगं. थंड बॉयलरपाशी कोण उभा राहतो?’

‘तुम्ही बॉयलर नाही.’

दुसऱ्या दिवसापासून ती समोर बसून गोळी द्यायला लागली, आणि गिळल्यावर तोंड उघडायला सांगायची. पण आकडा चढू लागला होता. चार, अकरा, साठ. रोज पाण्याच्या पेल्याबरोबर ती एकच वाक्य द्यायची: ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंत.’ आधी तो वाद घालायचा. नंतर मान हलवायचा. शेवटी शेवटी, अंथरुणाला खिळल्यावर, ती कुशीवर वळवताना तिच्या आधी तोच म्हणायचा, ‘बॉयलर मीच सोडून गेलो.’

डॉक्टरबाईंनी एक शेवटची तपासणी लांबच्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर यायला पाच आठवडे लागले. तो चौथ्यातच गेला. त्या तपासणीचं या गोष्टीत काही काम नाही.

तर मित्रांनो, माझा दोष काय? त्याने गोळी थांबवली, माझा हात मोकळा झाला, चिठ्ठ्या आल्या, मी नेल्या. शिपायाने चिठ्ठी वाचायची नसते. म्हणून हात जोडून सांगतो: औषध कधी चुकवू नका. वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवा. चुकणारा चुकतो आणि नाव मात्र गरीब नोकराचं…

‘खोटं.’

बाकावरच्या बाई उठल्या होत्या. लिफाफा फाडलेला होता.

‘कसल्या चिठ्ठ्या? इंजेक्शन एकदाही चुकलं नाही. मी स्वतः नेत होते, वहीत तारखा आहेत. हार्मोन दर वेळी तळाला होतं. चिठ्ठ्या आल्याच नाहीत.’

रांग आपोआप बाजूला सरली. त्या पुढे आल्या.

‘डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, एखादा शिपाई आपलाच हात तोडून टाकतो. मग त्याला चिठ्ठी लागत नाही, आणि कोरा कागद कोंबायला गोळीला हात सापडत नाही. सुटा आत जातो आणि ओरडत राहतो, वाढा, वाढा. गोळ्या चुकवल्या म्हणून नाही. नेमाने घेणाऱ्यांच्यातही.’ कागद त्यांच्या मुठीत चुरगळला. ‘तेच लिहिलंय यात. आणि मी त्यांना रोज, पाण्याबरोबर…’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

‘हात दाखव,’ त्या म्हणाल्या.