चॅनल सातवरचं पेलाभर पाणी

दर गुरुवारी संध्याकाळी सहाला लॅमरी फॉल्सचा महापौर ऑरेल थेरियो वाचनालयाच्या तळघरात, गावच्या टीव्हीच्या म्हणजे चॅनल सातच्या कॅमेऱ्यासमोर बसायचा आणि गावादेखत पेलाभर नळाचं पाणी प्यायचा. सात महिने हा नेम कधी चुकला नव्हता.

नोव्हेंबरात तलावावरचा पंप बंद पडला आणि गावाला नदीचं पाणी सुरू झालं, तेव्हापासून खालच्या आळीतली कुरकुर थांबेना. वास येतो म्हणे, रंग येतो म्हणे. पाणीखात्याच्या कागदावर सगळं ठीक होतं. ऑरेलचं घर टेकडीवर, तिथले पाइप नवे, त्यामुळे त्याच्या घरीही सगळं ठीक होतं. "मी पितोय ना? मग तुम्हाला कसली धाड भरलीय?" असं म्हणून तो पेला रिकामा करायचा, आणि म्हाताऱ्या टीव्हीपुढे गप्प व्हायच्या. लोकांना कागद कळत नाही, माणूस कळतो, असा त्याचा हिशेब. खोटं कशाला बोला, हिशेब बरोबरच होता.

त्याची लेक मिरेल खालच्या आळीतच राहायची. डिसेंबरात तिला मुलगी झाली. बाळाच्या पावडरच्या दुधासाठी बाटलीबंद पाणी आणू का, असं तिने विचारलं, तेव्हा ऑरेलने तिला उडवूनच लावलं होतं. "महापौराची लेक बाटल्या वाहते म्हटल्यावर लोकांनी माझं काय ऐकायचं? दोन मिनिटं नळ वाहू दे आणि भर."

त्या गुरुवारी त्याने नेहमीसारखा पेला संपवला, मिशा पुसल्या आणि पहिला फोन घेतला.

"ऑरेल, मी तेरेझ गान्यों. तुझ्या आईबरोबर बुटांच्या कारखान्यात होते ती."

"बोल, तेरेझमावशी."

"माझ्या नातवाच्या रक्तात शिसं निघालंय. डॉक्टर म्हणतात, जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यातून गेलंय."

ऑरेलचं तोंड आपलं चालूच राहिलं. "मावशी, तुझं घर जुनं. भिंतीच्या रंगातही शिसं असतं, पोरं काहीबाही तोंडात घालतात..."

"अकरा वर्षांचा आहे तो. भिंती चाटत नाही. मीच त्याला रोज नळाचं पाजत होते, का तर तू पितोस म्हणून. आता एक कर. तिथल्या नळाचा पेला भर आणि आमच्यासमोर पी."

"आत्ताच प्यायलो की. हवं तर आणखी पितो. ब्लांशबाई, एवढा पेला भरून आणा."

चॅनल सात म्हणजे ब्लांश कॉटेबाई. वय चौऱ्याहत्तर. कॅमेरा, दिवे, फोनची बटणं, सगळं ती एकटी आणि फुकट सांभाळायची. पेलाही तीच भरून ठेवायची. ती जागची हलली नाही.

"ब्लांशबाई, ऐकलंत ना?"

"ऐकलं रे," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. इतक्या वर्षांत गावाने तिचा आवाज चॅनलवर कधी ऐकला नव्हता. "त्या नळाचं नाही देत मी. पहिल्याच गुरुवारी तांबडं आलं होतं. पाहुण्यापुढे तसला पेला ठेवायची रीत नाही आमच्या घरात. तेव्हापासून मी बाटलीतलंच ओतते."

"सात महिने?"

"मला वाटलं, तळघराचाच पाइप कुजलाय. तू रोज घरी पितोसच, म्हटलं इथे चांगलं दिसायला काय हरकत आहे."

ऑरेलला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडवेना. तो उठला, कोपऱ्यातल्या नळाखाली पेला धरला आणि आणून टेबलावर ठेवला. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. सगळं गाव ते बघत होतं, आणि तोही बघत उभा राहिला. त्याला भयंकर भीती वाटली. तेरेझने फोन ठेवला.

लगेच दुसरा फोन आला. ब्लांशबाईने बटण दाबलं.

"पापा."

मिरेल होती. मागे बाळाचं गुरगुरणं ऐकू येत होतं.

"मिरेल, तिला दूध देऊ नकोस. आज देऊ नकोस."

"आत्ताच झालं पिऊन. कधीपासून, पापा?"

कधीपासून ते ऑरेलला पक्कं ठाऊक होतं. कॅमेऱ्यासमोर शंभरदा सांगून झालं होतं. "नोव्हेंबरपासून."

"म्हणजे जन्मल्यापासून. तिच्या पोटात दुसरं काही गेलेलंच नाही." आवाज अजिबात चढला नव्हता, तेच त्याला सोसवेना. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"थांब, मी गाडी काढतो. मी येतो."

"तुम्ही येऊ नका. मी नेते तिला दवाखान्यात. या आळीत आणखी बाळं आहेत, त्यांच्या आया तुमच्याकडेच बघत बसल्यात. त्यांना सांगा."

फोन बंद झाला. ऑरेलने कोट उचलला होता, तो परत खुर्चीच्या पाठीवर टाकला. घड्याळात सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि कार्यक्रम सातपर्यंत होता. तो खाली बसला. "पाणी पिऊ नका," तो म्हणाला, आणि मग खालच्या आळीतल्या एकेका बाईचं नाव घेऊन, सात वाजेपर्यंत तेच सांगत राहिला.