पट्ट्याखाली कोण हललं

नेमसिंगचा हात माह्या पट्ट्याखाली यावा, एवढ्यासाठीच मी पट्टा शिकली. कोणी म्हनते हौस, कोणी म्हनते पोरीनं नाव काढलं. कायची हौस घेऊन बसले बावा! मले त्या माणसाचा सूड पाह्यजे व्हता.

नेमसिंग आमच्या तांड्यातल्या आखाड्याचा वस्ताद. बोरी अरबच्या बाजारात लोकं त्याले उभं राहून रामराम घालत. दसऱ्याले मंदिरापुढं खेळ व्हाचा, आन् शेवटी वस्ताद कोणाच्या तरी तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापाचा. पट्टा म्हंजे साधी तलवार नोहे. कोपरापर्यंत हात लोखंडी खोळीत जाते, पुढं लवणारं लांब पातं. मनगट वळतच नाय, म्हनून एकदा खांद्यातून सुटला का मधात थांबवता येत नाय.

त्या वर्षी लिंबू माह्या भावानं, शामनं धरलं. पट्टा आला आन् लिंबासंग शामची दोन बोटं गेली. सारे धावले, तं नेमसिंग मोठ्यानं म्हने, "पोरगं हललं!" बस्स. वस्ताद म्हनला म्हंजे झालं. आमच्या आखाड्यात जो पट्ट्याखाली हलला, त्यानं परत मैदानात पाय ठेवाचा नाय.

मी जवळच उभी व्हती. शाम हलला नोता. नेमसिंगच्या तोंडातून मोहाच्या दारूचा भपकारा मले आला व्हता. मी वरडून वरडून सांगतलं, तं तांड्याचे मुखिया हिरासिंग नायक म्हने, "तुले काय समजते त्यातलं? चूप बस."

बोटं गेली त्याचं दुःख याडीनं, आमच्या मायनं, पदरात तोंड घालून सोसलं. पन शाम दिसला का तांड्यातले लोकं हात झटकून दाखवाचे आन् दात काढाचे. एक दिवस शामच मले म्हने, "हललो असीन वं, पुष्पा. वस्ताद कायले खोटं बोलन?" माह्या आंगाचा तिळपापड झाला. बोटं तं घेतलीच, आता याचा सोतावरचा भरवसाबी घेतला या हरामखोरानं!

पुढं मले लोहाऱ्याले एमआयडीसीत काम लागलं. तिथं वच्छलाबाई पोरींले पट्टा शिकवत. ड्युटी सुटली का मी त्यांच्या आखाड्यात. खांदा सुजला, कोपर सोललं, पन खाडा केला नाय. बाई म्हनत, "राग घरी ठेवून येत जा वं." मी हो म्हनाची. ठेवला मातर कधीच नाय.

यंदाच्या दसऱ्याले बाईंचा आखाडा तांड्यात पाहुणा म्हनून गेला, तो मीच नेला. पाहुण्या खेळाडूनं मागतलं तं लिंबू वस्तादानं सोता धराचं, ही रीत. भर दुपारी, साऱ्यांपुढं मी मागतलं. नेमसिंग मिशीत हासला, गुडघ्यावर बसला आन् हात पुढं केला.

मी वाकून हळूच म्हटलं, "काका, मीबी घेऊन आली बरं का. शामच्या वेळी तुम्ही घेतली व्हती ना, तेवढीच."

आन् पट्टा फिरवाले लागली. मनात आलं, खरंच तोडून टाकावा याचा हात, होऊन जाऊ दे काय व्हाचं ते. पातं त्याच्या डोक्यावरून सन्नान गेलं, तसा त्यानं हात झटकन मागं वढला. लिंबू खाली पडलं. नेमसिंग उठून मागं पळाला.

"नायक! पोरगी पेऊन आली! हात तोडते माहा!"

नायक पुढं आले. माह्या तोंडाजवळ येऊन त्याइनं हुंगलं. "वास तं नाय येत, नेमसिंग."

"तिनं सोता सांगतलं मले!"

"अर्धंच काहून सांगता काका?" मी साऱ्या मैदानाले ऐकू जाईन असं म्हटलं. "शामच्या वेळी तुम्ही घेतली व्हती तेवढीच घेतली, असं म्हटलं मी. तेवढ्यानं हात तुटते, हे तुमाले कसं ठाऊक?"

नायकानं इचारलं, "पेला व्हता का रे तू?"

नेमसिंग खाली मुंडी घालून म्हने, "दसरा व्हता, नायक. थोडीशीच."

"सत्यानास होवो तुहा!" याडी गर्दीतून किंचाळली.

मले वाटलं, आता जिवाले थंडक पडन. तेवढ्यात शाम पुढं आला. धुळीतलं लिंबू उचललं, पँटीले पुसलं आन् त्याच तुटक्या हातावर ठेवलं.

"मार," म्हने.

माही सारी मस्ती उतरली. "नोको ना रे शाम. झालं ना आता."

"तुह्यं झालं. मले पाहाचं हाये, मी हलतो का नाय."

मी मारला. लिंबाच्या दोन फाका त्याच्या पायापाशी पडल्या. शाम आपल्या हाताकडं पाहून राह्यला व्हता. "नोतो हललो मी," म्हने. "पुष्पा, नोतो हललो!" आन् साऱ्यांपुढं हमसून हमसून रडला.

नेमसिंग हात जोडून त्याच्याकडं याले लागला. मी मधात उभी राह्यली.

"तिथंच थांबा काका," म्हटलं. "हा माफ करन. म्हनूनच तुमाले याच्याजवळ येऊ देत नाय."