कोरडा दगड

विहीर तुम्ही बुजवलीत, साहेब. दंगल आधी कोणी केली यावर तीन अहवाल निघाले आणि तिन्हींना वाळवी लागली. पण विहीर बुजवायच्या हुकमावर एकच सही आहे, ती तुमची. रोगराई पसरू नये म्हणून, असं त्यात लिहिलंय. दंगलीच्या सहाव्या दिवशी बुजवलीत. आत काय आहे ते बघायला अर्धा दिवस पुरला असता.

टेकडीची वस्ती आणि ओढ्याची वस्ती यांच्या बरोबर मध्ये ती विहीर होती. दोन्हीकडचे लोक तिथं पाणी भरायचे, एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायचे. जाणार कुठं? विहीर गेली आणि येणंजाणंही संपलं. सात वर्षं अशी गेली. तुम्ही तेव्हा छोटे साहेब होतात, मोठे होऊन परत आलात, आणि तुमच्या लक्षात आलं की या दोन वस्त्या एकमेकांशी बोलत नाहीत. मग त्याच जागेवर संवादगृह बांधायचं ठरलं. आधी जीभ छाटायची आणि मग बोलायला शिकवायला मास्तर नेमायचा, त्यातला प्रकार.

त्या कामावर टेकडीचा एक गवंडी होता. त्याचा थोरला भाऊही गवंडी. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी थोरला कामावर राहिलेली हत्यारांची पिशवी आणायला बाहेर पडला तो परत आलाच नाही. कागदावर तो बेपत्ता. घरात मात्र ठणठणीत होता. आई धाकट्याला अजून त्याचाच धाक घालायची. "येऊ दे थोरल्याला, मग बघ कशी कणीक तिंबतो तुझी." धाकट्याचं वय चाळीस, कानावरचे केस पिकलेले. तो खाली मान घालून जेवायचा. एकदाच म्हणाला, "आई, सात वर्षं झाली."

"मेला म्हणायला हाडं लागतात," आई म्हणाली. "आण. मग म्हणते."

संवादगृहाचा नकाशा मोठ्या शहरातल्या एका बाईंनी काढला होता. निम्मे कामगार टेकडीचे आणि निम्मे ओढ्याचे, ही अट त्यांचीच. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून समजावलं. इमारत गोल, चहूबाजूंनी बसायच्या पायऱ्या, वर घुमट, मधोमध एक गोल दगड. त्या दगडावर उभं राहून माणूस घरच्यासारखा बोलला तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येईल. माइक लागणार नाही.

"ज्याच्या हातात माइक त्याचंच खरं, असं इथं व्हायला नको," बाई म्हणाल्या.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "यांना अजून साहेब भेटलेले दिसत नाहीत."

गोल भिंत रचायची तर मधोमध खुंटी ठोकतात, तिला दोरी बांधतात, आणि दोरीचं दुसरं टोक घेऊन एक गवंडी फिरत राहतो. प्रत्येक दगड दोरीला लावून बघायचा, म्हणजे गोलाई चुकत नाही. पण इथं खुंटी टिकेना. ठोकली की दोन तासांत कलायची, खाली बुजवलेल्या विहिरीची भुसभुशीत माती. शेवटी तिथं माणूसच बसवला, खुंटी धरून. तो ओढ्याकडचा. ताडमाड उंच आणि भिंतीला सोडायच्या ओळंब्यासारखा सरळसोट, म्हणून त्याला सगळे ओळंबाच म्हणायचे. बायकोसुद्धा. त्याचं खरं नाव मुकादमाच्या हजेरीपटावर तेवढं होतं.

पहिले अकरा दिवस दोघांत दोनच शब्द झाले. "ओढ." "सोड."

बाराव्या दिवशी ओळंबा तिसऱ्यांदा उठून उभा राहिला तेव्हा गवंड्याला राहवलं नाही. "काय रे, बूड टेकवत नाहीस? काटे पेरलेत का तिथं?"

"तू बस इथं. मी फिरतो."

"का? तुझे पाय लांब आहेत म्हणून गोल लवकर होईल का?"

ओळंबा हसला नाही. दोरी तशीच ताणलेली, दोघांच्या मध्ये पंचवीस पावलं. तो दोरीकडे बघत म्हणाला, "विहीर बुजवली तेव्हा कठडा मी फोडलाय. घरातून उचलून नेलं होतं मला. आत पाण्यावर दोरी तरंगत होती. लाल."

गवंडी जागच्या जागी थांबला. दोरी गेरूत भिजवून वापरणारा गवंडी दोन्ही वस्त्यांत एकच होता.

"दोरीखाली माणूस होतं," ओळंबा म्हणाला. "पालथं. मी छोट्या साहेबांना दाखवलं. त्यांनी बघितलं. म्हणाले, माती टाका."

"आणि तू टाकलीस."

"टाकली."

"सात वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"तुमच्या वस्तीत सांगायला आलो असतो, तर चालत परत आलो असतो का?"

 दंगलीच्या दिवसांत गवंड्याच्याही हातात थापी नव्हती, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळंब्यानं पाहिलं होतं. त्यानं दोरीचं टोक सोडलं. ओळंब्याच्या हातावर वळ उठला. 

घरी गवंड्यानं आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "लाल होती?" त्या दिवशी जेवताना तिनं त्याला कोणाचाच धाक घातला नाही. दोन दिवस तो कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची थापी धुऊन त्याच्या समोर ठेवली. "काढ त्याला तिथून," म्हणाली.

मग गवंडी आणि ओळंबा दोघे तुमच्याकडे आले, साहेब. आठवतंय? एक टेकडीचा, एक ओढ्याचा, एकाच बाकावर मांडीला मांडी लावून तीन तास बसले होते. तुमचा शिपाई कुतूहलानं दोनदा बघून गेला. ज्या संवादासाठी तुम्ही घुमट बांधत होतात, तो तुमच्या दाराबाहेर फुकट बसला होता.

"जुन्या जखमा उकरून काय मिळणार?" तुम्ही म्हणालात.

"भाऊ," गवंडी म्हणाला.

"सलोख्याला बाधा येईल. तुम्ही लोक समजूतदार आहात. अर्ज द्या."

अर्ज दिला. नऊ दिवसांनी परत आला, कोपऱ्यात दोन शब्द लिहून: दप्तरी दाखल. माती टाका, हेच जरा शुद्ध भाषेत.

दोघे बाईंकडे गेले. सगळं ऐकताना त्या पेन्सिल हातात फिरवत राहिल्या. "मध्य हलवता येणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सगळा आवाज त्या एका जागेवर जुळवलाय." मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "नकाशात मधला दगड सिमेंटात बसवायचा असं लिहिलंय, ते मला खोडता येणार नाही. तुम्ही तो कधी बसवणार?"

"परवा."

"परवा मी येणार नाही." बाई भित्र्या होत्या, वाईट नव्हत्या. अशांच्या भरवशावरच सगळं चालतं आणि सगळं अडतंही.

आता गवंड्यांची जुनी रीत आहे. बुजवलेल्या विहिरीवर दगड कधी सिमेंटात बसवत नाहीत, वाळूत कोरडाच बसवतात. खालची माती दबत जाते, आज ना उद्या उघडावं लागतं. ठरल्या दिवशी दोघांनी तो दगड वाळूत बसवला. एका बाजूनं गवंडी, दुसऱ्या बाजूनं ओळंबा. सांध्यात पहारीचं टोक जाईल एवढी फट ठेवली आणि वरून चुन्याची भुकटी फिरवली. मग ओळंबा दगडावर उभा राहिला आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "मुकादमाचं डोकं म्हणजे रिकामं घमेलं." शेवटच्या पायरीवर डुलक्या काढणारा मुकादम ताडकन उठला आणि कोण बोललं ते शोधायला लागला. दोघे हसले. मग आपण कशावर उभे आहोत ते आठवलं आणि पटकन बाजूला झाले.

उद्घाटनाला तुम्ही माइक आणलातच. एका बाजूच्या पायऱ्या झाकून त्यावर व्यासपीठ उभं केलंत. मधल्या दगडावर गालिचा. टेकडीवाल्यांना डावं दार, ओढ्यावाल्यांना उजवं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून आधी द्यायचे. तुमच्या माणसानं तीन प्रश्न वाचले. सभागृह किती वाजता उघडेल. पंखे किती आहेत. साहेबांना ही कल्पना कशी सुचली. तिसऱ्यावर तुम्ही वीस मिनिटं बोललात.

गवंड्याची चिठ्ठी निघाली नाही. तो पायऱ्या उतरून खाली आला. कोणी अडवलं नाही. कामाचा माणूस आहे, काहीतरी दुरुस्त करायला आला असेल, असं वाटलं असेल. त्यानं गालिचा गुंडाळून बाजूला सारला आणि दगडावर उभा राहिला. जेवताना मीठ मागावं तितक्या आवाजात बोलला.

"या दगडाखाली माझा थोरला भाऊ आहे. साहेबांनी बघितलाय. दगड कोरडा आहे, दहा मिनिटांत निघेल. पहार दाराशी आहे, शिपायानं आत आणू दिली नाही. कधी काढायचा?"

बाईंचं गणित बरोबर होतं. शेवटच्या पायरीवर त्याची आई बसली होती, कानानं अधू, तिलाही ऐकू गेलं. उजव्या बाजूनं ओळंबा उठून उभा राहिला. "मीही बघितलाय," म्हणाला. त्याचा आवाज मधून आला नव्हता, म्हणून सगळ्यांपर्यंत पोचला नाही. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, ओरडून, स्वतःच्या वस्तीसमोर.

तुम्ही पाण्याचा पेला उचललात, दोन घोट प्यालात आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलंत.

त्यानंतर दोघांची नावं हजेरीपटावरून उडाली. ओळंब्याशी त्याच्या गल्लीत कोणी बोलत नाही. गवंड्याच्या दारात टेकडीच्याच पोरांनी घाण टाकली, ओढ्यावाल्याच्या मांडीला मांडी लावून बसला म्हणून. संवादगृहाला कुलूप आहे. आई रोज कुलपाजवळ जाऊन बसते आणि आता आतल्या थोरल्याला रागावते, "किती वेळ लावतोस रे" म्हणून.

तो दगड सिमेंटानं पक्का करायचा हुकूम तुम्ही काढलात. टेकडीच्या गवंड्यांना बोलावलंत, ते आले नाहीत. ओढ्याच्या गवंड्यांना दुप्पट मजुरी कबूल केलीत, तेही आले नाहीत. एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण या एका कामाला दोन्हीकडचे नाही म्हणाले. संवाद म्हणायचाच असेल तर एवढाच झालाय.

दगड अजून कोरडा आहे, साहेब. पहार अजून दाराशी आहे. गवंड्यानं विचारलेलं तुम्हाला माइकशिवाय ऐकू आलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

कधी काढायचा? तारीख सांगा.