आईचे पंधरा किलो

गल्लीत तिला सगळे बॅगवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण ती होतीच बॅगवाली. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात चेनचे रनर, चाकं, हँडलं, अस्तराचं कापड. मागच्या खोल्यांत ती आणि तिची आई. नवऱ्याशी तिचं पटलं नव्हतं, ते प्रकरण वीस वर्षांपूर्वीच मिटलं होतं. कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि जिभेला धार होती. बॅगेवर बसून चेन लावायची, ती तुटली की ‘माल खराब निघाला’ म्हणत यायचं, अशा गिऱ्हाइकाला ती आधी चार शब्द सुनवायची आणि मग रनर बदलून द्यायची. लोक ऐकून घ्यायचे, कारण तिने शिवलेलं पुन्हा उसवत नसे.

तर या बॅगवालीच्या घरी एके दिवशी कुरिअरने नवीकोरी बॅग आली. दूरच्या शहरात राहणाऱ्या तिच्या थोरल्या भावाने, दादाने पाठवलेली. मागोमाग त्याचा फोन.

“आईची बॅग पोचली का?”

“पोचली.”

“कशी आहे?”

“चकचकीत आहे. रिकामीच साडेचार किलो भरतेय.”

“विमानाला अशीच कडक बॅग लागते. आणि ऐक, तिकिटावर एकच बॅग आहे, पंधरा किलोची. त्यावर एक ग्रॅम चालणार नाही. तू भरू नकोस, छोटे. तू कोंबतेस. मी येऊन भरतो.”

छोटी एक्कावन्न वर्षांची होती. बॅगा कोंबणाऱ्यांना शिव्या देण्यात तिची निम्मी हयात गेली होती, आणि तिलाच तो सांगत होता की तू कोंबतेस. तिने फोन ठेवला आणि त्या दिवशी आलेल्या तीन गिऱ्हाइकांपैकी दोघांना विनाकारण झापलं.

दादाला सामानावर बोलायला फार आवडे. नोकरीनिमित्त त्याचं सतत फिरणं असायचं आणि पाठीवर एक छोटीशी करड्या रंगाची सॅक, बाकी काही नाही. ‘माणसाने हलकं राहावं,’ असं तो म्हणायचा. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, एकदा तर वडलांच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सलाही त्याने हे ऐकवलं होतं. सगळे मान डोलवायचे. तो हलका कसा राहतो हे फक्त बॅगवालीला ठाऊक होतं. तो आला की टॉवेल तिचा, चपला तिच्या, चार्जर तिचा, झोपताना घालायला वडलांचा जुना सदरा, दाढीचा साबण कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने आणलेला. जाताना सगळं जिथल्या तिथे टाकून सॅक खांद्याला अडकवायची आणि निघायचं. मग ओला टॉवेल वाळत कोण घालणार, तर बॅगवाली.

दादाकडे जायचं म्हणून आईने आठवडाभर आधीच जमवाजमव सुरू केली होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, सावकाश उठायची, एक वस्तू आणून पलंगावर ठेवायची आणि दमून बसायची. बॅगा शिवायचं काम मुळात तिचंच. चाळीस वर्षं तिने कॅनव्हासच्या बॅगा शिवल्या होत्या आणि मुलीला तिनेच शिकवलं होतं. पलंगावर कपडे जमले, लोकरीचं जाड पांघरूण आलं, छोटा रेडिओ आला, दुकानाच्या शटरसमोर उभ्या असलेल्या वडलांचा फोटो आला. आणि शेवटी कापडात गुंडाळलेली हत्यारं: दोन आऱ्या, लोखंडी अंगुस्तान, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ आणि अंगठ्याच्या जागी झिजून गेलेली मोठी कात्री.

“कात्री तेवढी जड आहे,” आई म्हणाली.

“असू दे,” बॅगवाली म्हणाली. तिने सगळं नीट लावलं, जड वस्तू चाकांच्या बाजूला, कपड्यांच्या गुंडाळ्या फटींत, आणि बॅग ताणकाट्याला लटकवली. काटा साडेचौदावर थांबला. आईने मान वाकडी करून आकडा वाचला आणि परीक्षेत पास झाल्यासारखी हसली.

गुरुवारी दुपारी दादा आला. चहा झाल्यावर त्याने आईची बॅग पलंगावर उपडी केली.

“आई, हे सगळं तिकडे मिळतं. रेडिओ कशाला? टीव्ही आहे. पांघरूण कशाला? आमच्या घरात थंडी वाजत नाही. फोटो मोबाइलवर काढून घेऊ. आणि ही कात्री? तिकडे जाऊन काय दुकान टाकायचंय?”

एकेक वस्तू उचलून तो खुर्चीवर टाकत होता. आई बघत होती. “राहू दे मग,” ती प्रत्येक वेळी म्हणायची. रेडिओला राहू दे, पांघरुणाला राहू दे. कात्रीला ती काही बोलली नाही, नुसतं कात्रीकडे बघितलं.

बॅगवालीचं डोकं तापलं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि आई स्वतःच मूग गिळून बसली होती. आईच बोलत नाही तर आपण कोणासाठी भांडायचं, असं म्हणून ती बाहेर गेली आणि एका चाकाचा रिव्हेट इतक्या जोरात ठोकला की तो वाकडा झाला.

शुक्रवारी दुपारी ती खोली झाडत होती. पलंगाखालची बॅग बाजूला घ्यायला म्हणून तिने उचलली आणि तिचा हात थबकला. हाताला वजन कळतं. तीस वर्षांचा हात होता तो. निम्म्या वस्तू तर अजून खुर्चीवर पडलेल्या. तिने बॅग काट्याला लावली. चौदा किलो आठशे.

तिने चेन उघडली. वर आईच्या कपड्यांचे चार जोड. त्याखाली कागदात बांधलेले गठ्ठे, एकावर एक, तळापर्यंत. कागद फाडला तर आत मातकट हिरव्या रंगाचं जाड कापड निघालं, चुण्या घालून, वर कड्या लावून शिवलेलं.

दादा आंघोळ करून आला. खांद्यावर तिचा टॉवेल होता.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“पडदे. तुझ्या वहिनीने मागवलेत. हॉलचे आणि दोन खोल्यांचे. इथे कापड चांगलं मिळतं, म्हणून इथल्याच शिंप्याकडे टाकले होते. सकाळी घेऊन आलो.”

“आईच्या बॅगेत?”

“मग कुठे? माझ्या तिकिटावर बॅग नाही. मी बॅग घेतच नाही, तुला माहितेय.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “आईचा रेडिओ जड. आईचं पांघरूण जड. बाबांचा फोटो जड. आणि तुझे पडदे काय पिसांचे आहेत?”

“हळू बोल. मी आईला विचारलंय.”

आई पलीकडे खुर्चीवर बसली होती. “विचारलं त्याने,” ती म्हणाली. “मीच हो म्हटलं.”

“का हो म्हटलंस?”

“आता तिथेच राहायचं. त्यांच्या मनासारखं वागायला सुरुवात करायला नको का?”

हे ऐकून बॅगवालीचा उरलासुरला धीर सुटला. तिने गठ्ठे ओढून काढले आणि एकामागून एक जमिनीवर आपटले. “हलका म्हणे. तू कधी हलका होतास रे? तुझं ओझं कायम दुसऱ्याच्या पाठीवर. बाबांच्या आजारपणात तू सॅक घेऊन यायचास आणि सॅक घेऊन जायचास. एक औषध तरी उचललंस कधी? आणि आता म्हाताऱ्या आईच्या बॅगेत तुझे पडदे.”

दादाचा चेहरा लाल झाला. “आणि आईला ने म्हणून फोन कोणी केला होता? ‘माझ्याने आता होत नाही, आता तुझी पाळी,’ हे कोण म्हणालं? मी म्हणालो का? मी नेतोय, तर बॅगेवरून तमाशा करतेस.”

बॅगवालीने आईकडे पाहिलंच नाही. हिवाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली होती आणि पुढचे तीन महिने बॅगवालीने तिला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं, मध्येच उठून दुकान सांभाळलं. एका सकाळी पाठीत उसण भरली, त्यातच एक गिऱ्हाईक भांडून गेलं, आणि तिने दुकानातून दादाला फोन लावला. तेव्हा ती बरंच काही बोलली होती. मी काय दगड आहे का, असंही म्हणाली होती.

“ऐकलं होतं मी,” आई म्हणाली. “मध्ये फळीचीच तर भिंत आहे.”

बॅगवालीला राग आला की तो समोरच्यावर निघायचा. आयुष्यात पहिल्यांदाच तो आत उभा राहिला आणि त्याला बाहेर पडायला वाट सापडेना. ती पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

आईने दादाकडे हात केला. “तिकीट दाखव.”

“आता कशाला?”

“दाखव.”

त्याने मोबाइल पुढे केला. आईने चष्मा लावून बराच वेळ वाचलं. “परत यायचं कुठे आहे?”

“ते नंतर बघू. आधी चल तर.”

“म्हणजे काढलेलंच नाही.”

“आई, तुला काही कमी पडणार आहे का तिकडे?”

आई टेबलाला धरून उठली. बॅगेतले आपले चार जोड तिने बाहेर काढले, घडी मोडू न देता पलंगावर ठेवले आणि झाकण बंद केलं. “तीन महिन्यांनंतरचं परतीचं काढ. मग मी बॅग भरते. माझी मी भरते.”

“आई, अगं असं एकदम…”

“नसेल जमत तर उद्या तू एकटा जा. सॅक तर भरलेलीच असते तुझी.”

मग ती मुलीकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण बॅगवालीने लहानपणी चुकीचा टाका घातल्यावर तो ऐकलेला होता. “आणि तू. तीन महिने तुझ्या पाठीला आराम दे. नंतर मी येणार. तुला चालो, न चालो. हे घर माझंही आहे. पाळीबिळी जे काही बोलायचं असेल ते माझ्यासमोर बोलायचं. मी काय कुरिअरचं पार्सल नाही, याच्याकडून त्याच्याकडे पाठवायला.”

“मी तुला ने असं…” बॅगवाली बोलू लागली.

“म्हणालीस. दमली होतीस, म्हणून म्हणालीस. पण मला विचारलं नाहीस. त्यानेही विचारलं नाही. भांडताय मात्र दोघं माझ्याच नावाने.”

आईने खुर्चीवरची कात्री उचलली आणि तेलाची कुपी घेऊन तिच्या खिळ्यात थेंब सोडत बसली. दादा कपाळाला आठ्या घालून तासभर मोबाइलवर बोटं फिरवत राहिला. मध्येच बाहेर जाऊन वहिनीशी बोलून आला. शेवटी त्याने मोबाइल आईपुढे धरला. तिने तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून ती शोधली आणि पेनाने तिथे गोल केला.

“आता बॅग,” ती म्हणाली. “ही नको. हिचंच वजन साडेचार किलो, मग माझं काय राहिलं? आणि हिची चाकं बटणाएवढी. उतारावर मलाच ओढत नेईल.”

दुकानात एक निळी कॅनव्हासची बॅग वर्षभर टांगलेली होती. मालक न्यायला आलाच नव्हता. बॅगवालीने रिकाम्या वेळात तिला नवी चेन घातली होती आणि दोन मोठी रबरी चाकं बसवली होती. रिकामी दोन किलोसुद्धा नव्हती. आईने ती खाली काढायला लावली, दुकानभर ओढून पाहिली, हँडल वरखाली केलं, चेन तीनदा उघडली आणि लावली. “शिवण बरी घातलीस,” म्हणाली. एवढंच.

निळ्या बॅगेत रेडिओ गेला, पांघरूण गेलं, फोटो गेला, हत्यारं गेली. आईने स्वतःच्या हाताने भरली. कोणी पुढे आलं की ती नुसतं बघायची आणि तो हात मागे जायचा. पडदे चकचकीत बॅगेत परत गेले आणि जादा पैसे भरून ती बॅग दादाची झाली. शनिवारी सकाळी टॅक्सीत सामान ठेवताना त्याच्या पाठीवर सॅक होती, एका हातात पडद्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात आईची. बॅगवालीने हात लावला नाही. आई निघताना बॅगवालीने तिची वेणी उगाच सारखी केली. “नीट आहे ती,” आई म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

दिवसभर बॅगवाली दादाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत राहिली. आईला न विचारता एकेरी तिकीट काढलं, त्यावर एक. टॉवेल पुन्हा ओला टाकून गेला, त्यावर एक. आणि पाळीची गोष्ट त्याने आईसमोर काढली, ती तर ती जन्मात विसरणार नव्हती. एक बाई तुटलेलं हँडल घेऊन आली आणि आजच्या आज हवंय म्हणाली. तिला बॅगवालीने असं काही झापलं की ती बॅग उचलून चालती झाली. मग दुकान रिकामं राहिलं. मागच्या खोल्यांतून रेडिओचा आवाज येत नव्हता.

संध्याकाळी सहाला तिने फोन लावला.

“पोचलात?”

“पोचलो. आई पडलीये जरा.” दादाचा आवाजही आखडलेलाच होता. “काय?”

तिने तोंड उघडलं, आणि जुळवलेल्यातलं काहीच बाहेर आलं नाही. “ऐक. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. डावीकडून बोलायचं नाही. ती हो हो म्हणते, पण ऐकलेलं नसतं.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुला काय माहीत आहे? आणि तिच्या खाटेची उजवी बाजू भिंतीला लावू नकोस, तिला तिकडूनच उतरता येतं. न्हाणीघरात धरायला काही आहे का?”

“नाही.”

“मग उद्याच्या उद्या बसवून घे. परवा नाही, उद्या. गुडघ्याची गोळी जेवणाआधी नाही, जेवणानंतर. ती म्हणेल आधी. तिचं ऐकायचं नाही. आणि दुपारी ती झोपत नाही, झोपल्याचं सोंग करते. तेव्हा तिच्याशी जाऊन बोलायचं.”

“थांब,” दादा म्हणाला. “एका मिनिटात एवढं लक्षात राहणार नाही. लिहून घेतो.”

“घे लिहून.”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, कागद फाडल्याचा आला. बॅगवालीने अर्धं शटर खाली ओढलं आणि स्टुलावर बसली. तिचा आवाज जराही उतरला नव्हता. पुढची वीस मिनिटं ती त्याच चढ्या आवाजात बोलत राहिली, आणि अधूनमधून तिकडून फक्त एवढंच येत होतं, “हं. पुढे.”