चंद्रावर विरजण

मित्रांनो, लसीची पेटी म्हणून मी जन्मले, कोंबडीचं खुराडं म्हणून म्हातारी झाले आणि यंदाच्या हिवाळ्यात चक्क चंद्र झाले! हसू नका. अगदी खरं सांगते आहे.

माझं अंग निळं, भिंती जाड आणि खांद्याला अडकवायला पट्टा. नवी होते तेव्हा माझं झाकण असं घट्ट बसायचं की विचारू नका. बिलोलीच्या दवाखान्यात आले आणि चांगुणा सिस्टरच्या खांद्यावर चढले. पोटात बर्फाच्या चार पट्ट्या, मधोमध लसीच्या कुप्या. एसटीनं, स्कूटीवर, कधी पायी आम्ही दोघी गावोगाव हिंडलो. आम्हाला पाहिलं की लेकरं भोकाड पसरायची आणि त्यांच्या आया हसत पुढे यायच्या. बाहेर ऊन 'मी' म्हणत असलं तरी माझ्या पोटातला गारवा कधी ढळला नाही. सिस्टर मला रोज पुसायची, वाळवायची. "माझ्या पेटीत जंतू शिरायची टाप न्हाई," असं ती चारचौघींत सांगायची, तेव्हा मला काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

मग माझी बिजागरी तुटली आणि नवी पेटी आली. साहेबांना विचारून सिस्टरनं मला घरी नेलं, पण ड्युटीतून तिला उसंत कुठली? तिचे सासरे, ग्यानोबा आबा, यांनी माझ्यात आधी कांदे भरले, मग वाळल्या मिरच्या. शेवटी एका पांढऱ्या कोंबडीनं माझ्यात मुक्काम ठोकला. जंतूला फिरकू न देणारी मी, आणि माझ्या पोटात पिसं! फार वाईट वाटलं हो.

दोन वर्षांनी सिस्टरच्या मुलीनं, आठवीतल्या लुंबिनीनं, त्या कोंबडीला टोपलीत हलवलं आणि मला घासूनपुसून लख्ख केलं. गरम पाणी, साबण, मग कडक ऊन. मला वाटलं, परत लसीच्या कामाला लावतात की काय! पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाकीची पोरं ज्वालामुखी करून राहिली होती. लुंबिनीला बर्फाचा चंद्र करायचा होता.

गुरू ग्रहाला युरोपा नावाचा एक चंद्र आहे म्हणे. वर जाड बर्फ आणि खाली खारट पाण्याचा समुद्र असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. तिथं जीव तगू शकेल का, हे पाहायला एक यान निघालंसुद्धा आहे. लुंबिनीनं खारं पाणी उकळून, गार करून दोन डब्यांत भरलं. पहिल्या डब्यात चमचाभर दही ढवळलं, दुसऱ्यात काहीच नाही. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये वर बर्फाचा थर धरेपर्यंत दोन्ही ठेवले आणि मग माझ्या पोटात आणून बसवले. झाले दोन चंद्र! आता कोणत्या चंद्रावर जीव आहे, ते शोधायचं.

"कसं शोधशील गं?" सिस्टरनं विचारलं.

"दुधाला विचारते की, आई!"

काय डोकं चालवलं पोरीनं! सकाळीच दूध उकळून कोमट केलं आणि तीन धुतलेल्या वाट्यांत ओतलं. बर्फाला भोक पाडून पहिल्या वाटीत पहिल्या चंद्राचं पाणी घातलं, दुसरीत दुसऱ्या चंद्राचं. तिसरी वाटी कोरी ठेवली. दही लागलं तर जीव आहे, दूध राहिलं तर नाही. वाट्या चुलीजवळ झाकून ती शिकवणीला गेली.

आणि मित्रांनो, घात तिथंच झाला. आबा पाणी प्यायला आत आले. त्यांनी एका वाटीवरचं झाकण उचलून बोट बुडवलं, चाखलं आणि पुटपुटले, "लेकरू इरजण घालायचं इसरलं वाटतं." आणि त्या भल्या माणसानं तिन्ही वाट्यांत बोटबोटभर दही घातलं! मी कोपऱ्यातून आतल्या आत ओरडले, "अहो आबा, नका हो!" पण पेटीचं कोण ऐकतं?

संध्याकाळी विज्ञानाचे भुजंग सर तयारी बघायला आले. झाकणं उघडली. पहिल्या वाटीत दही. दुसऱ्या वाटीतही घट्ट दही!

"लुंबिनी, जिथं जीव नाही तिथंही जीव निघाला. ह्या पेटीत जंतू आहेत," सर म्हणाले. "कोंबड्या बसत होत्या ना हिच्यात? उद्या हिला भंगारात दे आणि थर्माकोलचा डबा आण. नाहीतर तुझा प्रयोग मांडू नकोस."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळा जन्म ज्या स्वच्छतेसाठी वेचला, तिच्यावरच बोट! आणि खरं काय ते मला एकटीला ठाऊक.

लुंबिनीचे डोळे भरून आले. सर दाराशी पोचले तेवढ्यात तिनं तिसरी वाटी उघडली आणि तिरकी केली. दही हललंसुद्धा नाही.

"सर, थांबा! हिच्यात तर पेटीतलं थेंबभर पाणी न्हाई घातलं. मग हे दही कुठून आलं?"

सर मागे फिरले. ओट्यावर बसलेले आबा तेवढ्यात मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मीच लावलं की माय! तिन्हीत लावलं. चांगलं लागलंय का?"

आधी सर हसले, मग सिस्टर, मग लुंबिनी डोळे पुसत पुसत हसली. आबांना काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही कान धरले. सर माझ्यापाशी वाकले, झाकणावर थोपटलं आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाई." मला पुन्हा नवी झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा झाला. आबा स्वयंपाकघराच्या दारात काठी घेऊन बसले, मांजरालाही आत सोडलं नाही. पहिली वाटी दही, दुसरी दूध, तिसरी दूध!

प्रदर्शनात तपासायला नांदेडहून तनुजा मॅडम आल्या. "दुसऱ्या चंद्रावर काहीच सापडलं नाही. मग मिळालं काय?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, 'न्हाई' म्हणायलाबी पुरावा लागतो," लुंबिनी म्हणाली.

आबांना राहवलं नाही. "आधी सापडला होता जीव," ते म्हणाले, "पण तो आमच्याच घरचा होता!"

मॅडम खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "आबा, शास्त्रज्ञांना हीच तर धास्ती असते. इथलाच जंतू यानाला चिकटून गेला आणि तिकडं सापडला तर? म्हणून यानसुद्धा आधी स्वच्छ करून पाठवतात." लुंबिनीचा प्रयोग नांदेडच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला.

तर मित्रांनो, वस्तू असो की माणूस, जुनं झालं म्हणून त्याच्यावर ठपका ठेवायची घाई करू नका. आधी शेजारी एक कोरी वाटी ठेवून बघा. माझी बिजागरी नवी झाली आहे, पुढच्या आठवड्यात मी एसटीनं नांदेडला निघाले आहे. झाकणावर लुंबिनीनं रंगानं 'युरोपा' लिहिलंय. त्याच्याखाली आबांनी हट्टानं आणखी एक ओळ लिहून घेतली आहे: 'कृपया विरजण घालू नये. – ग्यानोबा.'